रोहितांच्या गर्दीत हरवलेला वटवट्या

ठाणे खाडीच्या काठावरील पाणथळ जागांचा वाद पेटला की वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर हमखास झळकते ते रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे छायाचित्र. गुलाबी थवा, मागे उंच इमारतींची रांग आणि खाली आठ-दहा ओळी. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने सुमारे चाळीस रोहित मरून पडले, तेव्हा हेच घडले. त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत नेरुळच्या डीपीएस तलावात रोहित मरू लागले, तेव्हाही हेच. त्या तलावाला पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, त्यामागे या छायाचित्रांचा वाटा मोठा होता हे नाकारता येणार नाही. रोहित दिसतो, मोजता येतो आणि मेला तर त्याची बातमी होते.

मात्र पाणथळ जागा ही काही एकट्या रोहिताची मिरास नव्हे. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यालगत पाणकणसांची जी गर्दी आहे, तिच्यात हिवाळाभर शंकर, बोरू वटवट्या, गप्पीदास यांसारखे चिमुकले गाणारे पक्षी वावरत असतात. मिठागरांच्या बांधांवर पिवळे धोबी शेपटी हलवत फिरतात. यांतील बहुतेकांचे वजन दहा ते वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे टपालाच्या एखाद्या पाकिटाइतके. रंग मातकट, स्वभाव लाजरा. वटवट्यांच्या चार जाती एका फांदीवर शेजारी बसल्या तरी भल्याभल्या पक्षिनिरीक्षकांना त्या ओळखू येतीलच असे नाही. त्यातील एखादी जात एखाद्या हिवाळ्यात आलीच नाही, तर ते कोणाच्या लक्षात येणार आणि ते सिद्ध तरी कसे करणार, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु पाणथळ जागांचे खटले जसजसे न्यायालयांत पोचू लागले आहेत, तसतसा तो कळीचा होत चालला आहे.

या प्रश्नाला जगभरात गेली सव्वाशे वर्षे एक साधे उत्तर दिले जात आहे. पक्षी पकडायचा, त्याच्या पायात क्रमांक कोरलेला हलका वाळा घालायचा, त्याचे माप घ्यायचे आणि त्याला सोडून द्यायचे. तो पुन्हा कोठे सापडला, केव्हा सापडला आणि सापडलाच नाही, या तिन्हींची नोंद ठेवायची. डेन्मार्कमधील व्हिबॉर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये क्रमांक आणि पत्ता कोरलेले अ‍ॅल्युमिनियमचे वाळे साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत घातले, तेव्हापासून या पद्धतीला शास्त्रीय रूप आले. इंग्रजीत तिला रिंगिंग म्हणतात आणि आपल्याकडील पक्षिमित्रांमध्येही तोच शब्द रूढ आहे.

सतलजकाठचा वटवट्या

रिंगिंगचे मोल समजावून घ्यायचे तर एका वटवट्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिची सुरुवात हिंदुस्थानातच होते. काँग्रेसचे संस्थापक म्हणून ज्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असते, ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळचे एक मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. ब्रिटिश म्युझियमला १८८५ मध्ये त्यांनी जवळपास ८२ हजार पक्ष्यांचे नमुने दिले. (त्यांच्या आयुष्यभराच्या टिपणांचे गठ्ठे मात्र सिमल्यातील एका नोकराने रद्दीत विकले.) या ह्यूम यांनी नोव्हेंबर १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशातील रामपूरजवळ, एक लांब चोचीचा वटवट्या मिळवला. तसा दुसरा पक्षी पुढे कोणाला दिसल्याचे ऐकिवात आले नाही. हा स्वतंत्र जातीचा पक्षी होता, की एखाद्या परिचित जातीतला वेगळा दिसणारा नमुना होता, यावर शंभराहून अधिक वर्षे मतभेद राहिले. इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयाच्या खणात तो एकटाच पडून होता. २००२ मध्ये त्याच्या डीएनएची तपासणी झाली आणि ती स्वतंत्र जात असल्याचे निष्पन्न झाले. प्रश्न एवढाच उरला की, ती जात जिवंत होती का?

त्याचे उत्तर थायलंडच्या आखाताच्या काठी मिळाले. फेत्चबुरी प्रांतातील लाएम फाक बिया येथे राजे भूमिबोल यांच्या पुढाकारातून सांडपाणी शुद्धीकरणाचा एक प्रकल्प उभा राहिला. शहराचे सांडपाणी नळाने आणून तळ्यांतून, पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून आणि शेवटी तिवरांतून फिरवायचे, अशी ही योजना. २७ मार्च २००६ रोजी महिडोल विद्यापीठातील पक्षिशास्त्रज्ञ फिलिप राउंड यांच्या जाळ्यात तेथे एक वटवट्या आला. चोच नेहमीपेक्षा लांब, पंख आखूड आणि गोलसर. राउंड यांनी मापे घेतली, छायाचित्रे काढली, दोन पिसे ठेवून घेतली आणि वाळा घालून पक्षी सोडून दिला. ती पिसे स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील स्टाफान बेन्श यांच्याकडे गेली. ह्यूमच्या नमुन्याचा डीएनए याच बेन्श यांनी तपासला होता. दोन्ही जुळले. १३९ वर्षांनी हा पक्षी सांडपाण्याच्या तळ्याकाठी जिवंत सापडला होता.

त्यानंतर जणू कुलूपच उघडले. ट्रिंगच्याच संग्रहात, दुसऱ्या एका जातीच्या खणात चुकीच्या चिठ्ठीखाली पडलेला, १८६९ मध्ये हिंदुस्थानातच मिळवलेला दुसरा नमुना हाती लागला. मग मध्य आशियातून गोळा झालेले आणखी काही नमुने वेगवेगळ्या संग्रहालयांत निघाले. अफगाणिस्तानच्या वाखान पट्टीत २००८ मध्ये वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटीचे रॉबर्ट टिमिन्स यांनी एका अनोळखी वटवट्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढच्या वर्षी तेथे जाळी लावून वीसच्या आसपास पक्षी पकडण्यात आले. डीएनए तपासणीत ते सारे याच जातीचे निघाले आणि या पक्ष्याचे विणीचे ठिकाण जगाला प्रथमच कळले. तेही धोक्यापासून मुक्त नव्हते. नदीकाठच्या ज्या झुडपांत हा पक्षी घरटे करतो, तीच झुडपे गावकरी सरपणासाठी तोडतात आणि तीच त्यांच्या जनावरांच्या चराईची जागा असते.

या हकीकतीत लक्षात घेण्याजोगे हे की, दुर्बीण लावून बसलेल्यांना हा पक्षी दिसला असता तरी ओळखला गेला नसता. पंखाच्या पिसांचे मोजमाप, चोचीची लांबी, मागच्या नखाचा आकार आणि शेवटी डीएनए, यांतले काहीही लांबून जमत नाही. त्यासाठी पक्षी हातात यावा लागतो आणि सुटूनही जावा लागतो.

धुक्याची जाळी

पक्षी हातात येतो तो 'मिस्ट नेट'मुळे. जपानात पिढ्यानपिढ्या पक्षी धरण्यासाठी रेशमी धाग्यांची इतकी तलम जाळी वापरत की ती धुक्यासारखी नजरेआड होई. त्यावरून हे नाव पडले. आज ती नायलॉनची असते. बांबूच्या किंवा धातूच्या दोन खांबांत ताणलेल्या जाळ्याला आडव्या झोळ्या असतात. उडता पक्षी आपटतो आणि अलगद झोळीत पडतो. मग तो सोडवायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि तळावर आणायचा. पंखाची लांबी, वजन, छातीच्या हाडाजवळची चरबी, पिसे झडण्याची अवस्था, वय आणि शक्य असल्यास लिंग, एवढे सारे दोन-चार मिनिटांत टिपून घेतले जाते. चरबीच्या नोंदीला विशेष महत्त्व असते. हजारो किलोमीटरच्या उड्डाणापूर्वी हे पक्षी अंगावर इंधन साठवतात. एखाद्या पाणथळ जागेत महिनाभर राहूनही ते हडकुळेच राहत असतील, तर तेथे खायला काही उरलेले नाही एवढे स्पष्ट होते. पक्ष्यांची संख्या नुसती मोजून हे कळणार नाही.

याला आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जाळ्यात पक्षी मरतात. अमेरिका व कॅनडातील २२ संस्थांच्या सहा लाखांहून अधिक नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जायबंदी होण्याचे प्रमाण ०.५९ टक्के आणि मृत्यूचे प्रमाण ०.२३ टक्के आढळले. म्हणजे हजारात दोन-तीन. अनुभवी हात असले तर हे प्रमाण कमी राहते. नवशिक्याने भर उन्हात जाळी लावून ठेवली आणि तासाभराने पाहायला गेला, तर ते किती वाढेल याचा अंदाज बांधणेही नको. त्यामुळेच ब्रिटनसारख्या देशांत प्रशिक्षण आणि परवाना यांवाचून कोणालाही रिंगिंग करता येत नाही. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्षी पकडणे हीच मुळात शिकार ठरते आणि शास्त्रीय संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी घ्यावी लागते. ही अट योग्यच आहे. अडचण तिच्या अंमलात असते. स्थलांतराचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. परवानगीची फाइल एखादा महिना जरी अडली, तरी त्या वर्षीच्या नोंदींत खंड पडतो आणि या शास्त्रात सलग नोंदींनाच किंमत असते.

धारपासून क्यासनूरपर्यंत

भारतातील रिंगिंगचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पवारांच्या धार संस्थानात रानबदकांना वाळे घालण्यापासून या कामाला प्रारंभ केला. वाळ्यावर 'इन्फॉर्म बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' अशा आशयाचा मजकूर आणि क्रमांक कोरलेला असे. सायबेरियातील एखाद्या शिकाऱ्याच्या हाती बदक लागले, तर त्याने मुंबईला पत्र टाकावे, एवढीच अपेक्षा होती.

लहान पक्ष्यांकडे लक्ष वळले ते एका रोगामुळे. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही आजारी पडली. त्या विषाणूचे रशियातील एका रोगाच्या विषाणूशी जवळचे नाते निघाल्याने, सायबेरियातून येणारे पक्षी गोचिडांवाटे तो आणत असावेत, अशी शंका जागतिक आरोग्य संघटनेला आली. डॉ. सालिम अली अनेक वर्षे ज्या कामासाठी पैसे शोधत होते, त्याला त्या शंकेमुळे १९५९ पासून पैसे मिळाले. पक्षी धरण्यात पिढीजात वाकबगार असलेल्या बिहारमधील मीरशिकारांना या कामात सामावून घेण्यात आले. बाजारात विकण्यासाठी पक्षी धरणारे हात आता वाळे घालण्यासाठी पक्षी धरू लागले. भरतपूर, कच्छ, तामिळनाडूचे पॉइंट कॅलिमिअर अशा ठिकाणी तळ पडले. १९६३ ते १९७१ या काळात आशियातील अनेक देशांत मिळून असाच एक मोठा प्रकल्प चालला आणि त्यात दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना वाळे घालण्यात आले. त्याचा पैसा अमेरिकी लष्कराकडून येत होता. साहजिकच भारतात त्यावरून वादळ उठले. पक्ष्यांच्या आडून जैविक युद्धाची तयारी चालली आहे, असा आरोप झाला आणि १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी निधीवरील संशोधनाची जी झडती घेतली, तीत पक्षी-स्थलांतराचा विषयही आला. या वादात रिंगिंग मागे पडले नसते तरच नवल.

पुढे १९८० च्या दशकात भरतपूर आणि पॉइंट कॅलिमिअर येथे बीएनएचएसने पुन्हा जोमाने काम केले. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला, तेव्हा पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात याची सरकारला एकदम आठवण झाली. रोगाची साथ आली की पैसा यायचा, साथ ओसरली की आटायचा. या विषयाचे आजवरचे अर्थकारण हे असे आहे. एवढे असूनही संस्थेने दशकानुदशकांच्या नोंदी जपल्या आणि त्यांवर आधारलेला 'इंडियन बर्ड मायग्रेशन अ‍ॅटलस' २०१८ मध्ये ग्रंथरूपाने आला, ही सामान्य कामगिरी नव्हे.

मोजणी पुरत नाही

आता मोजणीचा जमाना आहे. हजारो हौशी पक्षिनिरीक्षक मोबाइलवरून रोज याद्या नोंदवतात. त्या याद्यांच्या आधारे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ९४२ जातींचा आढावा घेणाऱ्या या अहवालात, ज्यांचा दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटल्या असल्याचे म्हटले आहे. हे काम अत्यंत मोलाचे आहे. पण जात घटते आहे एवढेच मोजणी सांगते. ती का घटते आहे, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. पिल्ले कमी होत आहेत की मोठे पक्षी मरत आहेत? मरत असतील तर विणीच्या जागी, वाटेत की हिवाळी मुक्कामात?

ब्रिटनमध्ये या प्रश्नांची उत्तरे वाळ्यांनी दिली. १९६८ मध्ये व्हाइटथ्रोट नावाचा एक गाणारा पक्षी सर्वत्र होता. १९६९ च्या वसंतात त्यातील ७७ टक्के पक्षी परतलेच नाहीत. ब्रिटनमधील कुंपणांत आणि झुडपांत काही बिघडले नव्हते. बिघडले होते आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात. तेथे दुष्काळ पडला होता. पुढे बोरूच्या बेटांत राहणाऱ्या सेज वॉर्ब्लरच्या बाबतीत तर हे आकड्यांनिशी मांडता आले. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे वाळे घातलेल्या या पक्ष्यांपैकी किती पुढच्या वर्षी पुन्हा जाळ्यात येतात, हे साहेलमधील आदल्या पावसाळ्यावर अवलंबून असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. पाऊस चांगला तर तेथील पाणथळी भरलेल्या आणि पक्षी जगलेले. पाऊस कमी तर इंग्लंडमधील बोरू मुके.

हे शक्य झाले ते चिकाटीमुळे. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने १९८३ पासून एक योजना चालवली आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या लांबीची जाळी, ठरलेल्या वेळेत, मे ते ऑगस्ट या काळात बारा वेळा लावायची. दरवर्षी तेच. शंभराहून अधिक ठिकाणी स्वयंसेवक हे करतात. प्रौढ आणि पिल्ले यांच्या प्रमाणावरून त्या वर्षीची वीण कळते आणि जुने वाळे पुन्हा किती सापडले यावरून जगण्याचे प्रमाण कळते. यात वीरश्री काही नाही. पहाटे उठायचे आणि गेल्या वर्षी जिथे खांब रोवला होता, तिथेच तो पुन्हा रोवायचा.

उपग्रहाच्या काळात हे जुनाट वाटेल. मणिपूर-नागालँडमधील अमूर ससाण्यांच्या पाठीवर आणि ठाणे खाडीतील रोहितांवर उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली, त्यांचे मार्ग संगणकाच्या पडद्यावर उमटले आणि ते सर्वांना आवडले. परंतु अकरा-बारा ग्रॅमच्या वटवट्याच्या पाठीवर असे यंत्र चढवणे म्हणजे त्याला ठार करणे. अर्ध्या ग्रॅमची प्रकाशमापक यंत्रे निघाली आहेत. ती स्वतः काही प्रक्षेपित करत नाहीत, त्यातील नोंद वाचायची तर तोच पक्षी पुन्हा धरावा लागतो. म्हणजे फिरून जाळे आलेच. लहान गाणाऱ्या पक्ष्यांसाठी आजही साधा धातूचा वाळा हेच सर्वांत भरवशाचे साधन आहे.

कायद्यातील पाणथळ

हे सगळे पक्षिशास्त्रज्ञांचे घरगुती प्रकरण राहिले असते, तर वर्तमानपत्राने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण पाणथळ जागा कोणती आणि कोणती नाही, याचा निवाडा आता कागदांवर होतो आहे. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रह-छायाचित्रांवरून केलेल्या यादीतील २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. नव्या यादीत सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या अशा २,३१,१९५ जागा आहेत. त्यांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करून सीमा आखण्याचे काम तीन महिन्यांत करा, असे न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना बजावले. त्याच वेळी रामसर यादीतील जागांवर लक्ष ठेवण्यास उच्च न्यायालयांना सांगितले. महाराष्ट्रात अशा जागा तीन आहेत: नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी.

गंमत अशी की, २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, करमणुकीसाठी आणि मीठ पिकवण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. भातशेतीही वगळली आहे. पक्ष्यांना हा भेद ठाऊक नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याचे पाणी आहे. अभयारण्याचा आणि रामसरचा शिक्का नसता, तर तो निव्वळ सिंचनाचा गाळाने भरत चाललेला जलाशय ठरला असता. लाएम फाक बिया ही तर सांडपाण्याची तळी. मुंबईची मिठागरे या नियमांपुरती पाणथळ नाहीत. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा त्यांना काय आधार मिळेल तेवढाच. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंड परिसरातील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी वापरण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, तेव्हा या जमिनीवर आता भरतीचे पाणी येतच नाही, हा मुद्दा पुढे करण्यात आला होता. घरांची गरज खरी आहे. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला धोबी पक्ष्याची सबब सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. पण या जमिनीवर हिवाळ्यात काय वावरते, याचा सलग दहा-पंधरा वर्षांचा हिशेब कोणीतरी निर्णयापूर्वी मांडायला हवा होता. पक्षिमित्रांच्या याद्या आहेत, छायाचित्रे आहेत. त्यांवरून येथे कोण आले ते कळते. कोण किती दिवस राहिले, किती चरले आणि पुढच्या वर्षी त्याच बांधावर कोण परत आले, हे सांगणारी माहिती वेगळ्या जातीची असते आणि ती पाच महिन्यांत तयार होत नाही.

उरणच्या पाणजे येथील वादातही हेच दिसते. सुमारे २८९ हेक्टरच्या या जागेत भरतीचे पाणी येऊ दिले की पक्षी येतात, अडवले की निघून जातात. पक्षी गेल्यावर काढलेले छायाचित्र एका बाजूचा पुरावा होते, पक्षी असताना काढलेले दुसऱ्या बाजूचा. जागेचा दर्जा पाणथळीचा की विकासासाठी राखलेल्या भूखंडाचा, यावर वर्षानुवर्षे कीस पाडला जात आहे. मोठे पक्षी उडून दुसरीकडे जातात आणि 'बघा, त्यांचे काही अडले नाही' असे म्हणण्याची सोय होते. लहान पक्ष्यांच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही, कारण ते गेले कुठे हे पाहणाराच कोणी नसतो. वास्तविक वाळ्यांच्या नोंदींनी जगभर एक गोष्ट वारंवार दाखवली आहे. हे चिमुकले प्रवासी हजारो किलोमीटर ओलांडून पुष्कळदा त्याच बेटावर, त्याच झुडपात परततात. त्या जागेवर भराव पडला असेल, तर शेजारची जागा आधीच दुसऱ्यांनी व्यापलेली असते. उडून गेला म्हणजे वाचला, हा समज रोहिताच्या बाबतीत अर्धवट खरा असेल, वटवट्याच्या बाबतीत त्याला आधार नाही.

करता येण्याजोगे काय आहे, याबद्दल फारसे गूढ नाही. ठाणे खाडीच्या रामसर क्षेत्राचा विस्तार ६,५२१ हेक्टर आहे आणि तेथील अभयारण्याची व्यवस्था पाहण्यासाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. वाळे, जाळी आणि अनुभवी माणसे बीएनएचएसकडे मुंबईतच आहेत. नांदूर मधमेश्वरला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याशी पक्षी दाखवणारे स्थानिक वाटाडे आहेत. मीरशिकारांनी जे शिकून घेतले, ते निफाडच्या तरुणांना शिकता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. दोन-तीन ठरलेल्या जागा, ठरलेली जाळी, ऑक्टोबर ते मार्च दर पंधरवड्याला एक सकाळ, आणि दहा वर्षांची परवानगी एकदाच. खाडीवरील एखाद्या पुलाच्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम हिशेबात धरण्याजोगीही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिठागरांच्या बांधांवर पिवळे धोबी उतरू लागतात आणि पाणकणसांत शंकराची पहिली हालचाल दिसते. मार्च-एप्रिलमध्ये ते निघतात. तेवढ्या काळात त्यांच्यापैकी किती जणांच्या पायात वाळा आहे, या प्रश्नाचे उत्तर भांडुपच्या रस्त्यावर दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला आज देता येत नाही. पायच गवतात बुडालेले असतात.